रकाना चौदा: किनाऱ्यावरची व्यक्ती

मला नाव चालवायची नव्हती. मला नुसतं नावेत बसून पलीकडे जायचं होतं. हा फरक मी आतापर्यंत तलाव कार्यालयाच्या खिडकीतल्या बाईंना, परीक्षकांना, समोरच्या दारातल्या सर्वज्ञांना आणि फोनवरून मुलीला समजावून सांगितला आहे. चौघांनीही माझ्याकडे एकाच नजरेनं बघितलं. फोनवरून बघता येत नाही हे मलाही माहीत आहे, पण आमच्या मुलीला ते जमतं. हा गुण तिच्या आईकडून आलेला.

प्रकरण साधं होतं. आमच्या गॅलरीतून तलाव दिसतो. तलावाच्या पलीकडच्या काठावर एक बाक आहे. मागच्या बाजूनं पाणी खात्याचं कुंपण असल्यामुळे तिथे जायला रस्ता नाही, पाण्यातूनच जावं लागतं. असा बाक तिथे कुणी आणि कुणासाठी ठेवला हे खात्यालाच ठाऊक. तर संध्याकाळी गॅलरीतले कपडे काढताना ही म्हणायची, "अहो, त्या बाकावरून आपली गॅलरी दिसत असेल का हो?" मी वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणायचो, "दिसत असेल." "एकदा जाऊन बघू या ना." "बघू." बाक आल्यापासून असं बावीस वर्षं चाललं. दीड वर्षापूर्वी ही गेली. आता कपडे मीच काढतो. कपडे फार नसतात, एक सदरा, एक पायजमा, एक हिरवा टॉवेल. ते काढून झाले की मी बाकाकडे बघत उभा राहतो, आणि विचारणारं कुणी नसलं तरी प्रश्न काही तिथून हलत नाही.

म्हणून एका मंगळवारी मी सरळ उठलो आणि तलावावर गेलो. खिडकीतल्या बाईंना म्हटलं, "एक पायडलची बोट द्या."

"बरोबर कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग नाही देता येणार काका. एकट्यानं पायडल मारलं की बोट एका बाजूला कलते आणि जागच्या जागी गोल फिरते."

मी चौतीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावक विभागात काढली आहेत. खिडकीच्या आतल्या माणसाचं पहिलं उत्तर कधी शेवटचं नसतं, हे मला आतून माहीत आहे. मी वाद घातला. वाद इतका छान घातला की बाईंनी वैतागून एक बोट दोरीनं धक्क्याला बांधून मला दिली आणि म्हणाल्या, "मारून बघा." मी पायडल मारलं. बोट एका बाजूला कलली आणि जागच्या जागी गोल फिरली. मी उलटं मारलं. ती उलटी फिरली. पाच फेऱ्यांनंतर धक्क्यावर आइस्क्रीम खात उभ्या असलेल्या एका कुटुंबानं टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मला अजून ऐकू येतात.

"मग एकट्या माणसानं करायचं काय?" बाहेर आल्यावर मी विचारलं. आवाज मला वाटलं होतं त्यापेक्षा जरा मोठा निघाला.

"वल्ह्याची नाव घ्यायची. पण तिला परवाना लागतो." आणि बाईंनी अर्ज पुढे सरकवला.

अर्जाला मी भीत नाही. सतरा रकान्यांचा अर्ज, मी उभ्याउभ्या तेरा रकाने भरले. चौदाव्यावर पेन थांबलं. 'किनाऱ्यावरची व्यक्ती: आपण पाण्यात असताना किनाऱ्यावर हजर राहून आपण परत येईपर्यंत थांबणाऱ्या व्यक्तीचं नाव व सही.'

"हा रिकामा ठेवला तर?"

"परीक्षा देता येईल. परवाना मिळणार नाही."

"मी काही फार लांब जाणार नाही हो."

"तसं नव्हे काका," बाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "तुम्ही परत आला नाहीत, हे आम्हाला सांगणार कोण?"

 अर्ज घडी करून खिशात घातला आणि नियमांची पुस्तिका घेऊन घरी आलो.

बातमी इमारतीत माझ्या आधी पोचली होती. समोरच्या दारातले सर्वज्ञ चपला न घालताच माझ्या घरात आले. यांना हे नाव मी दिलेलं नाही, ते त्यांनी स्वतःच्या वागण्यानं मिळवलेलं आहे. त्यांनी आयुष्यात बादलीपेक्षा जास्त पाणी एका जागी बघितलेलं नाही, पण पुस्तिका चाळून दोन मिनिटांत निकाल दिला. "यात काही अर्थ नाही. साधी गोष्ट आहे. लहान नावेनं मोठ्या नावेला वाट द्यायची. सगळीकडे तसंच असतं." मी म्हटलं, "इथे तसं नाही. इथे उजवीकडून दुसरी नाव आडवी येत असेल तर तिला वाट द्यायची, मग ती केवढीही असो." सर्वज्ञ हसले आणि म्हणाले, "लिहिणाऱ्यानं उलटं लिहिलंय." मग मी हळूच चौदाव्या रकान्याचा विषय काढला.

"सही? दहा सह्या करतो!" ते म्हणाले. "फक्त ते थांबायचं तेवढं... माझी कंबर तुम्हाला माहीतच आहे."

तळमजल्यावर गाडी शिकवण्याची शाळा चालवणारे गृहस्थ म्हणाले, थांबेन, पण गाडीतच बसेन आणि दर पाच मिनिटांनी हॉर्न देईन. तलावावर हॉर्नला बंदी आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी मनानं फार चांगल्या. त्या म्हणाल्या, "आमच्या सासूबाईंना बसवू का? त्यांना लांबचं दिसत नाही, पण बसतात छान." मी आभार मानले. मुलीचा फोन रविवारी येतो. तिला म्हटलं, नावेची परीक्षा देतोय. ती एकदम म्हणाली, "एकटे? बाबा, बरोबर कोण आहे तुमच्या?" मी म्हटलं, "पुष्कळ लोक आहेत." फोन ठेवल्यावर घर इतकं शांत झालं की फ्रिज सुरू झाला तेव्हा मी दचकलो.

परीक्षा महिन्यावर होती. रकान्याचं पुढचं पुढे बघू म्हणून मी अभ्यासाला लागलो. जेवणाच्या टेबलावर दोन काड्यापेट्या, एक माझी, एक समोरच्याची. समोरासमोर आलो तर दोघांनी आपापल्या उजवीकडे वळायचं. मागून येणाऱ्यानं पुढच्याला सांभाळून जायचं. ज्यानं वाट द्यायची त्यानं ती लवकर आणि ठळकपणे द्यायची, म्हणजे समोरच्याला संशय राहू नये. आणि ज्याला वाट मिळायची, त्यानंही आपल्या मनाला येईल तसं वळायचं नाही. त्याच्यावर बंधन असं, की त्यानं आहे त्याच दिशेनं, आहे त्याच वेगानं जात राहायचं. मला हे फार आवडलं. कचेरीत असं कधी कुणी लिहून दिलं नव्हतं.

शिट्टीची भाषाही होती. एक छोटी शिट्टी म्हणजे मी उजवीकडे वळतोय. दोन म्हणजे डावीकडे. पाच छोट्या शिट्ट्या म्हणजे, तुमचा विचार काय आहे ते मला कळत नाही. ही पाचाची शिट्टी लग्नात मुलामुलीला अंगठीबरोबर द्यायला हवी असं माझं मत झालं.

सरावाला म्हणून मी किराणा दुकानात ढकलगाडी घेऊन गेलो. डाळींच्या रांगेतून निघालो तर उजवीकडून साबणांच्या रांगेतून एक बाई आडव्या आल्या. मी नियमाप्रमाणे थांबलो, ठळकपणे. त्याही थांबल्या. मी त्यांना समजावलं, की तुम्ही थांबायचं नाही, तुम्हाला थांबायचा अधिकारच नाही. त्यांनी दुकानदाराला हाक मारली. हल्ली मी दुसऱ्या दुकानात जातो, ते लांब पडतं.

पण खरी अडचण सातव्या पानावर आली. तिथे लिहिलं होतं: 'जिला आपल्या कामामुळे सहज वळता येत नाही, अशा नावेला इतर सर्वांनी वाट द्यावी.' मी ते वाचलं आणि चष्मा काढला. आमच्या स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत यायला दोन फुटांचा बोळ आहे. एकतीस वर्षं त्या बोळात आम्ही एकमेकांना आडवे आलो. तिच्या हातात उकळतं भांडं असायचं, माझ्या हातात वर्तमानपत्र. आणि एकतीस वर्षं भिंतीला चिकटून उभी राहायची ती. मी सरळ जायचो, आहे त्याच दिशेनं, आहे त्याच वेगानं. त्या संध्याकाळी मी उठून बोळात गेलो आणि भिंतीला पाठ लावून थोडा वेळ उभा राहिलो. बोळातून कुणी आलं नाही. मला फार वाईट वाटलं, आणि ते कुणाला सांगावं हेही कळेना.

आता परीक्षेकडे येतो. वल्ह्याच्या नावेतली सगळ्यात मोठी गोम पुस्तिकेत छापलेलीच नव्हती. नियम सगळे पुढे बघून पाळायचे, आणि नाव वल्हवायची पाठमोरं बसून! म्हणजे नावेची उजवी बाजू ती आपल्या डाव्या हाताला. पुढचं बघायचं तर मान मोडेपर्यंत वळवायची. ही व्यवस्था ज्यानं काढली तो नक्की आमच्याच कचेरीतला असणार.

परीक्षक धक्क्यावर कर्णा घेऊन उभे होते. "दोन उमेदवार एका वेळी सोडणार," ते कर्ण्यातून म्हणाले, आम्ही त्यांच्यापासून दोन हातांवर होतो तरी. "तलावाच्या मध्यावर एकमेकांना आडवे जायचं. एक वाट देईल, एक घेईल. बस्स."

मी दुसऱ्या उमेदवाराकडे बघितलं आणि माझा चेहरा पडला. ते दंतवैद्य होते.

यांच्याबद्दल सांगायलाच हवं. अकरा वर्षांपूर्वी यांनी माझी दाढ काढली. चुकीची. किडलेलीच्या शेजारची, ठणठणीत. मी आरशात बघून विचारलं तेव्हा म्हणाले, "तीही जाणारच होती." त्या दिवसापासून ते रस्त्यात दिसले की मी पलीकडे जातो. ही म्हणायची, सोडून द्या हो, माणूस आहे, चुकतो. मी सोडलं नाही. त्या बाजूनं मला आजही चावता येत नाही, आणि अपमानाचं म्हणाल तर तोही अजून तसाच तोंडात आहे.

सोडलं आम्हाला. मी वल्हवत मध्यावर आलो, मान वळवून बघितलं, तर दंतवैद्य माझ्या नावेच्या बरोबर उजवीकडून येत होते. म्हणजे वाट मी द्यायची. पुस्तिकेतलं ते पान माझ्या डोळ्यांसमोर होतं. हात वल्ह्यावर होते. फक्त वळायचं होतं. आणि मला वाटलं, यांना? मी? दाढ माझी गेली, आणि वाटही मीच द्यायची? मी सरळ गेलो, जरा जोरातच.

तिकडे दंतवैद्यांनी मान वळवली आणि त्यांना मी दिसलो. त्यांनी सरळ जायचं होतं, तेवढंच. पण मला ओळखल्याबरोबर ते घाईघाईनं मला वाट द्यायला लागले. आधी थांबले, मग मागे गेले, मग घाबरून वळले ते थेट माझ्याच दिशेला. मी पाच शिट्ट्या मारल्या. त्यांनी त्याच वेळी पाच मारल्या. एवढा मोठा मोकळा तलाव, त्यात दोनच नावा, आणि त्या बरोबर मध्यावर येऊन एकमेकींवर आपटल्या. माझं एक वल्हं गेलं, त्यांची दोन्ही गेली, आणि नियमांची पुस्तिका पाण्यावर उघडी होऊन तरंगायला लागली.

परीक्षकांचा कर्णा घुमला. "एकानं द्यायची ती वाट दिली नाही, आणि दुसऱ्यानं द्यायची नव्हती ती दिली! दोघंही नापास!" धक्क्यावर कुणीतरी टाळ्या वाजवल्या. तेच कुटुंब असावं असा मला दाट संशय आहे.

आम्हाला आणायला मोटरबोट आली. तिच्या चालकानं आमच्या दोन्ही नावा एकमेकींना बांधल्या आणि हळूहळू ओढत निघाला. दहा मिनिटं आम्ही शेजारी शेजारी, गुडघ्याला गुडघा लावून बसलो होतो. पलीकडे जायला रस्ताच नव्हता.

"ती दाढ," दंतवैद्य पाण्याकडे बघत म्हणाले. "काढल्याकाढल्याच मला कळलं होतं, चुकीची आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"त्या दिवशी धीर झाला नाही. नंतर अकरा वर्षं बोलणारच होतो. पण तुम्ही रस्ता ओलांडायचात."

मी माझं उरलेलं वल्हं नावेत ओढून घेतलं. थोड्या वेळानं विचारलं, "तुम्हाला या वयात नाव कशाला पाहिजे?"

"चाळीस वर्षं लोकांच्या तोंडात बघितलं. म्हटलं आता जरा लांबचं बघावं." मग ते म्हणाले, "दवाखाना बंद केला. बहीण असायची बरोबर, बाहेरची खोली तीच सांभाळायची. तिनं अठ्ठावन्नाव्या वर्षी लग्न केलं आणि गेली दुसऱ्या गावी. सुखात आहे. मी अजून सकाळी उठून त्या बाहेरच्या खोलीत जाऊन बसतो. कुणी येत नाही, पण सवय."

तेव्हा का कोण जाणे, मी त्यांना बाकाची आणि गॅलरीची गोष्ट सांगितली, दांडीवरच्या हिरव्या टॉवेलसकट. मुलीलाही ती सांगितलेली नव्हती. त्यांनी "बरं" एवढंच म्हटलं आणि शर्टाच्या बाहीचं पाणी पिळलं.

पंधरा दिवसांनी पुन्हा परीक्षा झाली. मी वाट दिली, लवकर आणि ठळकपणे. ते सरळ गेले. परीक्षकांनी कर्ण्यातून "हं" म्हटलं. आम्ही अर्ज घेऊन खिडकीशी गेलो. बाईंनी दोन्ही अर्ज शेजारी ठेवले आणि बोट चौदाव्या रकान्यावर टेकवलं. दोन्हीकडे तो रिकामा होता. दंतवैद्य भिंतीवरच्या दरपत्रकाकडे बघायला लागले, मी छताकडे.

"इश्श," बाई म्हणाल्या, "मग एकमेकांच्या सह्या करा की! फक्त एक पाण्यात असेल तेव्हा दुसऱ्यानं काठावर थांबायचं."

अकरा वर्षं ज्या माणसाला मी टाळलं, त्याच्या अर्जावर माझी सही झाली. त्यांचं पेन चालत नव्हतं, मी माझं दिलं.

धक्क्यावर नाव एकच मोकळी होती. "आधी तुम्ही," ते म्हणाले. "छे, आधी तुम्ही." "तुमचं तर काम आहे पलीकडे." असं बरंच चाललं. मग मी बघितलं तर ते माझ्या उजव्या हाताला उभे होते. "नियम म्हणजे नियम," मी म्हटलं, आणि बाजूला सरलो. ते गेले. बाईंनी दिलेल्या नोंदवहीत मी जाण्याची वेळ लिहिली. तिच्यापुढे रकाना होता, परत आल्याची वेळ. असल्या दोन रकान्यांवर माझं आयुष्य गेलं आहे. पण दीड वर्षापूर्वी इस्पितळातून एकटा घरी आलो, तेव्हापासून दुसरा रकाना रिकामा बघवत नाही.

सूर्य मावळायच्या आत परत यायचं असा नियम. मी पायरीवर बसलो. अर्धा तास झाला, पाऊण झाला. नाव आधी ठिपक्याएवढी झाली, मग दिसेनाशी झाली. ऊन गेलं. मी उठून उभा राहिलो, मग येरझाऱ्या घालायला लागलो. या माणसाला पोहता येतं का, हे मी विचारलंच नव्हतं. हात थोडे थरथरतात, हे बघितलं होतं. खिडकीतल्या बाईंनी खिडकी लावायला घेतली. मी शिट्टी काढली आणि पाच मारल्या. काही नाही. पुन्हा पाच मारल्या. आणि मग अंधुक पाण्यावरून, लांबून, एक छोटी शिट्टी आली.

ते धक्क्याला लागले तेव्हा मी त्यांना वर यायला हातसुद्धा दिला नाही. कमरेवर हात ठेवून ओरडलो, "ही काय यायची वेळ झाली? इथे माणूस काळजीनं अर्धा होतोय, त्याचं आहे का काही?"

बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं. हे वाक्य माझं नव्हतं. कचेरीतून उशिरा आलो की दारात मला हेच ऐकावं लागायचं, शब्दन्‌शब्द, हात तिथेच ठेवून. मी कधी उत्तर दिलं नव्हतं, कटकट म्हणून आत निघून जायचो.

दंतवैद्य मात्र आत निघून गेले नाहीत. ते ओल्या पायांनी पायरीवर उभे राहून ऐकत होते, आणि त्यांचा चेहरा, काय सांगू, उजळला होता. "चुकलो," ते म्हणाले. हा शब्द त्यांना अकरा वर्षांनी सापडला. "उजेडात काही कळेना, सगळ्या इमारती सारख्याच. म्हणून बाकावर बसून राहिलो. दिवे लागले तेव्हा सापडली."

"काय सापडलं?"

"तुमची गॅलरी. दिसते हो बाकावरून. चांगली दिसते. दांडीवर हिरवा टॉवेल आहे, आणि दिवा चालू राहिलाय. घरी कुणी आहे का?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "परत गेल्यावर घरात अंधार नको, म्हणून लावून येतो."

त्यांनी मान हलवली. म्हणाले, "उद्या तुम्ही जा. मी इथेच आहे." मग नाव बांधायला खाली वाकले, आणि त्यांना गाठ जमेना म्हणून मी दोरीचं दुसरं टोक धरलं.

नोंदवहीत परत आल्याची वेळ मी स्वच्छ अक्षरात लिहिली आणि सही केली. त्यांना फाटकापाशी सोडून घरी आलो. टॉवेल काढायला गॅलरीत गेलो, तर पलीकडचा बाक अंधारात नीटसा दिसतही नव्हता. तरी मी त्या बाजूला तोंड केलं आणि बावीस वर्षं उशिरा हिला सांगितलं, "दिसते गं."